थँक्सगिव्हिंग: देवाचे आभार की सरकारी सुट्टी?

शाईदौत (धागाकर्ता)

"अहो, तो ख्रिश्चनांचा सण" आणि "छे, त्यात धर्म कसला, जेवा आणि ताणून द्या" ही दोन्ही वाक्यं अमेरिकेतल्या मराठी घरांत नोव्हेंबर आला की हटकून कानावर येतात. माझ्या मते दोन्ही अर्धवट आहेत.

या दिवसाचे दोन कागद आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिला म्हणजे कायदा. अमेरिकी संहितेच्या 5 व्या भागात कलम 6103 मध्ये संघराज्याच्या सुट्ट्यांची यादी आहे (2021 मध्ये जूनटीन्थ या गुलामगिरीच्या अंताच्या दिवसाची भर पडल्यापासून 11). त्यात या दिवसाच्या वाट्याला आलेला मजकूर एवढाच: थँक्सगिव्हिंग डे, नोव्हेंबरचा चौथा गुरुवार. देव नाही, प्रार्थना नाही, पीकपाणी नाही, पिल्ग्रिम (1620 मध्ये आलेले इंग्रज वसाहतवाले) नाहीत. दुसरा कागद म्हणजे राष्ट्राध्यक्षांचं दरवर्षीचं घोषणापत्र. त्याची परंपरा उघडउघड प्रार्थनेची आहे. वॉशिंग्टन यांनी 3 ऑक्टोबर 1789 ला काढलेलं पत्र सर्वशक्तिमान देवाच्या उपकारांपासूनच सुरू होतं. लिंकन यांचं 1863 चं पत्र तर आभारांबरोबर पश्चात्तापही करायला सांगतं.

सुट्टी मिळते ती पहिल्या कागदामुळे. घोषणापत्र निघालंच नाही तरी गुरुवार सुट्टीचाच राहील. म्हणून माझं म्हणणं: सुट्टी निधर्मी, घोषणापत्र धार्मिक, आणि जेवण ज्याचं त्याचं. हरकती येऊ द्यात.

बोरूबहाद्दर

पहिली हरकत. तुम्ही सुरुवात 1789 पासून केलीत, पण लोक भांडतात ते 1621 वरून. तेव्हा ते आधी निस्तरू.

पिल्ग्रिमांचं मेफ्लॉवर जहाज 1620 मध्ये 102 प्रवासी घेऊन प्लिमथला आलं. पहिल्या हिवाळ्यात त्यातले जवळजवळ निम्मे गेले. 1621 च्या शरदात जे जेवण झालं त्याची प्रत्यक्षदर्शी नोंद म्हणजे एडवर्ड विन्स्लो यांचं डिसेंबर 1621 चं पत्र. त्यात काय आहे ते बघा: चार माणसं पक्षी मारायला पाठवली, बंदुकांच्या कसरती झाल्या, वाम्पानोआग या तिथल्या मूळ जमातीचा प्रमुख मॅसासॉइट आपली नव्वदेक माणसं घेऊन आला, तीन दिवस मेजवानी चालली, पाहुण्यांनी पाच हरणं मारून आणली. देवाच्या कृपेने आता उणं नाही असं विन्स्लो म्हणतात, पण उपासनेचा दिवस पाळल्याचं काही सांगत नाहीत.

कारण त्या प्युरिटन (कर्मठ प्रोटेस्टंट) लोकांच्या लेखी 'थँक्सगिव्हिंग' ही वेगळीच गोष्ट होती. दुष्काळ, साथ आली की उपवासाचा दिवस. संकट टळलं की आभाराचा दिवस. दोन्ही दिवस चर्चमध्ये, प्रवचन ऐकत. तारीख ठरलेली नाही, कारण देवाने काय केलं ते बघून दिवस जाहीर करायचा. प्लिमथमध्ये असा खरा आभाराचा दिवस झाला तो 1623 च्या उन्हाळ्यात, लांबलेल्या अवर्षणानंतर पाऊस पडला तेव्हा. 1621 च्या मेजवानीला 'पहिलं थँक्सगिव्हिंग' हे नाव चिकटलं ते 1841 मध्ये, अलेक्झांडर यंग यांनी विन्स्लोंचं पत्र छापताना घातलेल्या एका तळटीपेमुळे.

म्हणजे गंमत बघा. ज्याला आज सगळे धार्मिक मूळ म्हणतात ती सुगीची मेजवानी होती, आणि जो खरा धार्मिक दिवस होता तो कुणाला आठवतही नाही. बरं, हीच मंडळी नाताळ पाळायच्या विरोधात होती. मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीत 1659 ते 1681 नाताळ साजरा केला तर पाच शिलिंग दंड होता. ठरलेल्या तारखेचा वार्षिक सण ही कल्पनाच त्यांना मान्य नव्हती. दरवर्षी चौथ्या गुरुवारी न चुकता येणारं थँक्सगिव्हिंग त्यांनी बाद ठरवलं असतं.

अटकमटक

व्हर्जिनियावाले चिडतील. बर्कली हंड्रेडच्या वसाहतवाल्यांना 1619 मध्ये लेखी आज्ञाच होती की जहाज पोचल्याचा दिवस दरवर्षी देवाच्या आभाराचा दिवस म्हणून पवित्र पाळायचा. हे प्लिमथच्या आधीचं आणि शंभर टक्के धार्मिक. केनेडींनी 1963 च्या घोषणापत्रात व्हर्जिनिया आणि मॅसॅच्युसेट्स दोघांचीही नावं घेऊन भांडण मिटवलं होतं.

काळाकोट

शाईदौत, तुमचा 'यादीत आहे, देव नाही, म्हणून निधर्मी' हा युक्तिवाद टिकत नाही. त्याच कलम 6103 मध्ये नाताळही आहे, आणि तिथेही मजकूर 'ख्रिसमस डे, 25 डिसेंबर' एवढाच. कलमात देव नसणं हा पुरावा होऊच शकत नाही.

न्यायालयं कशी बघतात ते सांगतो. नाताळच्या सुट्टीला आव्हान दिलं गेलं तेव्हा 1999 मध्ये ओहायोतल्या संघीय जिल्हा न्यायालयाने ती कायम ठेवली. सुट्टीला धर्माबाहेरचं कारण आहे हा मुख्य आधार. उलट 1995 मध्ये सातव्या सर्किटच्या संघीय अपील न्यायालयाने इलिनॉयचा गुड फ्रायडेला सरकारी शाळा बंद ठेवण्याचा कायदा घटनाबाह्य ठरवला. त्या निकालात फरक असा केलाय की नाताळ आणि थँक्सगिव्हिंग मुळात धार्मिक असले तरी सर्वसामान्यांच्या नजरेत त्यांचा धार्मिक अर्थ बराच झिजलाय. गुड फ्रायडेचं तसं झालेलं नाही. म्हणजे कसोटी कलमाच्या शब्दांची नाही, ती लोक त्या दिवशी प्रत्यक्षात काय करतात त्याची.

तुमचा निष्कर्ष बरोबर, पण रस्ता चुकीचा.

शाईदौत

नाताळचा मुद्दा मान्य, पण कलमाचे शब्द अगदीच बिनकामाचे नाहीत. 36 व्या भागातलं कलम 119 बघा. तिथे 'राष्ट्रीय प्रार्थना दिन' आहे, मे महिन्याचा पहिला गुरुवार. त्यात राष्ट्राध्यक्षांनी दरवर्षी घोषणापत्र काढावं असा आदेश आहे आणि लोकांनी देवाकडे वळून प्रार्थना करावी हेही स्पष्ट लिहिलंय. त्या दिवशी सुट्टी मात्र नाही! म्हणजे प्रार्थनेचा दिवस करायचा असतो तेव्हा काँग्रेसला (अमेरिकी संसदेला) तसं लिहिता येतं. थँक्सगिव्हिंगच्या कलमात तिने ते लिहिलेलं नाही.

काळाकोट

हे मात्र चांगलं शोधलंत. +1

सदाशिवपेठी_सिएटल

1789 ची चर्चा कुणी काढली नाही अजून. वॉशिंग्टनना घोषणापत्र काढायला सांगावं असा ठराव इलायस बुडिनॉट यांनी 25 सप्टेंबर 1789 ला प्रतिनिधिगृहात मांडला. धर्मस्वातंत्र्याचा समावेश असलेल्या घटनादुरुस्त्या काँग्रेसने मंजूर केल्या तोच हा आठवडा. साउथ कॅरोलायनाचे थॉमस टकर उठले आणि म्हणाले की ही धार्मिक बाब आहे, तेव्हा काँग्रेसचा तिच्याशी संबंध नाही. म्हणजे या धाग्यावरचा वाद पहिल्याच काँग्रेसमध्ये झालेला आहे.

ठराव मंजूर झाला तरी पुढे सगळ्यांनी री ओढली नाही. जेफरसन यांनी राष्ट्राध्यक्षपदाच्या आठ वर्षांत एकही दिवस जाहीर केला नाही. 1808 च्या एका पत्रात त्यांनी कारण दिलं: नुसती शिफारससुद्धा सरकारी वजन घेऊन येते, आणि हा अधिकार असलाच तर राज्यांचा. (व्हर्जिनियाचे गव्हर्नर असताना 1779 मध्ये त्यांनी स्वतः असा दिवस जाहीर केला होता. विसंगती वाटते, पण राज्य आणि संघराज्य हा भेद धरला तर बसतं.) मॅडिसन यांनी 1812 च्या युद्धाच्या काळात असे दिवस जाहीर केले आणि निवृत्तीनंतरच्या टिपणांत ही प्रथाच बरोबर नाही असं लिहून ठेवलं. 1815 नंतर लिंकनपर्यंत राष्ट्रीय आभारदिन नाहीच. जे काही होतं ते राज्यांचे गव्हर्नर आपापल्या तारखांना करत होते.

आणखी एक बारकावा. क्रांतियुद्धात साराटोगाच्या विजयानंतर काँग्रेसने 18 डिसेंबर 1777 हा दिवस सुचवला, त्या मजकुरात येशू ख्रिस्ताचं नाव आहे. वॉशिंग्टनच्या 1789 च्या पत्रात ते नाही, फक्त देव आहे. न्यूयॉर्कच्या शिअरिथ इस्राएल या यहुदी मंडळीत त्या 26 नोव्हेंबरला गर्शम सेशस यांनी आभाराचं प्रवचन दिलं. नाव गाळल्यामुळे कोण आत येऊ शकलं ते यावरून कळतं.

मोगरा_अर्धापाव

आणि नाव घातल्याने कोण बाहेर गेलं तेही लिहा. 1844 मध्ये साउथ कॅरोलायनाचे गव्हर्नर जेम्स हॅमंड यांनी आभारदिनाच्या पत्रकात येशूला जगाचा तारणहार म्हणून घातलं. चार्ल्सटनच्या यहुद्यांनी लेखी निषेध केला. दिलगिरी दूरच, आपण ख्रिश्चन देशात राहतो असंच मी समजत आलोय, असं हॅमंड यांनी ठणकावलं. तेव्हा 'घोषणापत्रातला देव म्हणजे कुणाचाही देव' हे आपोआप घडलेलं नाही, त्यासाठी लोकांना भांडावं लागलंय.

तशीच सेराह हेल यांची खटपट. 'गोडीज लेडीज बुक' मासिकाच्या संपादक. 1846 पासून 1863 पर्यंत गव्हर्नरांना, राष्ट्राध्यक्षांना पत्रं, संपादकीयं, शिवाय अंकात पाककृती. सगळ्या राज्यांनी एकाच गुरुवारी दिवस पाळला तर देश एक राहील हा त्यांचा आग्रह. व्हर्जिनियाचे गव्हर्नर हेन्री वाइझ यांनी 1856 मध्ये साफ नकार दिला, कारण दक्षिणेत हा दिवस म्हणजे गुलामगिरीविरोधी पाद्र्यांच्या प्रवचनांचं निमित्त अशी शंका होती. म्हणजे तेव्हा आक्षेप धर्मावर कमी, राजकारणावर जास्त. शेवटी हेल यांनी 28 सप्टेंबर 1863 ला लिंकनना लिहिलं आणि 3 ऑक्टोबरला घोषणापत्र निघालं; मजकूर परराष्ट्रमंत्री सीवर्ड यांचा.

टिळकपुतळा

इतकं सगळं वाचायची गरज नाही. 1939 बघा, निकाल लागतो.

तोवर थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी असे. त्या वर्षी नोव्हेंबरला पाच गुरुवार होते आणि शेवटचा होता 30 तारखेला. नाताळच्या खरेदीला दिवस कमी पडतात म्हणून दुकानदारांनी गाऱ्हाणं घातलं आणि राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्टनी थँक्सगिव्हिंग एक आठवडा अलीकडे, 23 ला ओढलं. घोषणा ऑगस्टमध्ये. तोवर कॅलेंडरं छापून झालेली, फुटबॉलचे सामने ठरलेले, शाळांच्या सुट्ट्या लागलेल्या. साधारण निम्मी राज्यं 23 ला गेली, निम्मी 30 वर अडून बसली, टेक्ससने दोन्ही दिवस धरले. लोकांनी नाव ठेवलं 'फ्रँक्सगिव्हिंग'. 1940 आणि 41 लाही हाच घोळ. शेवटी 26 डिसेंबर 1941 च्या कायद्याने 'शेवटचा' काढून 'चौथा' गुरुवार पक्का केला. म्हणून आता तारीख 22 च्या आधी आणि 28 च्या नंतर जात नाही.

दुकानदारांच्या सोयीसाठी आठवडाभर सरकलेली आषाढी एकादशी कुणी पाहिली आहे का?

बोरूबहाद्दर

टाळ्या घेणारं वाक्य आहे, पण त्याने निकाल लागत नाही. आधी सांगितलं तसं, प्युरिटनांचे आभारदिन सरकतेच होते आणि तरी कडक धार्मिक होते. तारीख हलली यावरून एवढंच ठरतं की तारखेला पावित्र्य नाही. दिवसाला आहे की नाही हा वेगळा प्रश्न.

मडगांवचो_पात्राव

चर्चच्या बाजूने बघायचं तर कॅथलिकांचं उदाहरण घ्या. हा त्यांचा बंधनकारक दिवस नाही; मिस्साला (चर्चमधल्या सामूहिक उपासनेला) गेलं नाही तर दोष लागत नाही. पण अमेरिकेसाठीच्या मिस्साग्रंथात या दिवसाच्या खास प्रार्थना आहेत, आणि बऱ्याच पॅरिशमध्ये (स्थानिक चर्चमध्ये) त्या सकाळी मिस्सा होते. एपिस्कोपल चर्चने 1789 च्या प्रार्थनापुस्तकातच हा दिवस घेतला. म्हणजे चर्चने सरकारचा दिवस आपल्या पंचांगात घेतला, उलटं नाही. यहोवाचे साक्षीदार या पंथाचे लोक पाळत नाहीत. कर्मठ यहुद्यांत दोन मतं आहेत: धार्मिक कर्तव्य न मानता जेवायला हरकत नाही असं रब्बी मोशे फाइनस्टाइन यांचं, आणि हा परधर्मीयांचाच सण, टाळावा, असं दुसरं.

गोव्यातलं कोणसाचें फेस्त याच्या अगदी विरुद्ध टोकाला. नव्या भाताची कणसं पाद्री आशीर्वाद देऊन वाटतो, कधी ते गावच्या चर्चने ठरवायचं, सरकारचा काडीचा संबंध नाही. हिंदू घरांत नव्याची पंचम, कोकणात नवान्न पौर्णिमेला दाराला नवं बांधणं, हेही तसंच. तिथे 'धार्मिक की निधर्मी' असा प्रश्नच पडत नाही, कारण कुणी घोषणापत्र काढत नाही.

नायगारापलीकडे

कॅनडाचं कुणी बोललं नाही म्हणून. इथे ऑक्टोबरचा दुसरा सोमवार, 31 जानेवारी 1957 च्या घोषणेने ठरलेला. आणि त्या घोषणेत भरघोस पिकासाठी सर्वशक्तिमान देवाचे आभार मानायचे हे स्वच्छ लिहिलंय. म्हणजे शाईदौत यांचे दोन कागद इथे एकच आहेत. तरी अटलांटिककडच्या चार प्रांतांत ही सक्तीची भरपगारी सुट्टी नाही, मालकाच्या मर्जीवर. देव कागदावर, सुट्टी ऐच्छिक.

नवीन_सभासद_07

छान चर्चा. पण व्यवहारात काय? हापिसात ही रजा 'धार्मिक' म्हणून मागावी लागते का? आणि शाळेत मुलांना प्रार्थना करायला लावतात का?

काळाकोट

हापिस: कलम 6103 फक्त संघराज्याच्या कर्मचाऱ्यांना लागू. पोस्ट बंद, फेडरल रिझर्व्ह बंद म्हणून बँका बंद, न्यूयॉर्कचा शेअर बाजार बंद. खाजगी मालकावर सुट्टी द्यायचं किंवा दुप्पट पगार द्यायचं संघीय बंधन नाही. नेमणूकपत्रातली सुट्ट्यांची यादी बघा. लोक फसतात ते शुक्रवारी. शुक्रवार ही संघराज्याची सुट्टी नाहीच. काही राज्यं आपल्या कर्मचाऱ्यांना देतात (कॅलिफोर्निया देतं), बाकी कंपनीवर. दिवाळीची रजा धार्मिक सवलत म्हणून मागता येते, त्यासाठी 1964 च्या नागरी हक्क कायद्याचा सातवा भाग आहे, आणि मालकाला ती फुटकळ कारणाने नाकारता येत नाही हे सर्वोच्च न्यायालयाच्या 2023 च्या ग्रॉफ निकालाने आणखी घट्ट केलं. थँक्सगिव्हिंगला त्या वाटेने जायची सहसा वेळ येत नाही.

शाळा: सरकारी शाळेत शिक्षकांनी प्रार्थना घेणं सर्वोच्च न्यायालयाच्या 1962 च्या एंगल निकालापासून बंद. 'तुला कशाबद्दल आभार मानावेसे वाटतात' हे विचारता येतं. मुलाने उत्तरात देव, गणपती, आजी, काहीही लिहिलं तरी चालतं. 'चला, देवाचे आभार मानू' हे शिक्षकाने म्हणायचं नाही. खरा वाद हल्ली प्रार्थनेवर होत नाही, मुलांना मूळ अमेरिकनांचं सोंग म्हणून घालतात त्या कागदी पिसांच्या टोप्यांवर होतो, आणि तो रास्त आहे.

अटकमटक

त्या टोप्यांमागचं: प्लिमथला कोल्स हिलवर, मॅसासॉइटच्या पुतळ्यापाशी 1970 पासून याच दिवशी राष्ट्रीय शोकदिन पाळला जातो. पिल्ग्रिम आल्याच्या 350 व्या वर्षाच्या सोहळ्यात वाम्पानोआग असलेल्या वाम्सुटा फ्रँक जेम्स यांना भाषणाला बोलावलं, मजकूर आधी वाचला आणि तो नको म्हणून सांगितलं. त्यांनी मग टेकडीवर वेगळी सभा घेतली. त्यांचा आक्षेप धर्म असण्या-नसण्यावर नाहीच, गोष्टीतून काय गाळलं त्यावर आहे. आपला अख्खा धागा त्या अंगाने कोरडा गेलाय हेही नोंदवतो.

सुगरण_सातारकर

जेवायचं आमंत्रण असलेल्या शाकाहाऱ्यांसाठी थोडं अवांतर, कारण धर्म खरा आडवा येतो तो ताटात.

स्टफिंग पावाचं असलं तरी टर्की पक्ष्याच्या पोटात भरून भाजतात. वेगळं भाजलं तरी बहुधा चिकनच्या पाण्यात भिजवलेलं असतं. कुस्करलेला बटाटा चालतो, वरची ग्रेव्ही नाही, ती टर्कीच्या गळलेल्या रसाची. रताळ्यावरचे मार्शमेलो म्हणजे जिलेटिन (प्राण्यांच्या हाडा-कातड्याचं). 'पाय' (pie) या भाजलेल्या गोड पदार्थाच्या पारीत लार्ड (डुकराची चरबी) असू शकतं, भोपळ्याच्या पायमध्ये अंडं असतंच. आपण घेऊन जायला सगळ्यांत बिनधोक क्रॅनबेरी सॉस: 12 औंसांची (340 ग्रॅम) एक पिशवी, एक कप साखर, एक कप पाणी. पाणी-साखर उकळली की फळं घाला, मध्यम आचेवर 10 मिनिटं, फटाफट फुटायला लागली की पुरे. गरम असताना पातळ दिसतं म्हणून लोक आटवत बसतात आणि मग थंड झाल्यावर चिकटगोळा होतो. त्यात पेक्टिन भरपूर असतं, गार झाल्यावर आपोआप धरतं. दालचिनीचा तुकडा, किसलेलं आलं छान लागतं.

जेवणाआधी काही घरांत हात धरून प्रार्थना होते. गप्प उभं राहायचं, आमेन म्हटलंच पाहिजे असं नाही. काही घरांत नुसतं आळीपाळीने 'मी अमुकसाठी आभारी' म्हणतात. कुठलं घर कसं, ते यजमानांना आधी विचारलेलं कुणालाही वावगं वाटत नाही.

शाईदौत

ही पोस्ट धाग्यातली सगळ्यांत कामाची. माझ्या तिसऱ्या वाक्याचा ('जेवण ज्याचं त्याचं') खुलासा आयताच झाला. काळाकोट यांच्या कसोटीप्रमाणे, लोक काय करतात तेच बघायचं तर एकाच गल्लीतल्या दोन घरांत उत्तर वेगळं येईल. पहिल्या दोन वाक्यांवर मी अजून ठाम आहे.

बोरूबहाद्दर

रहा. मी नाही. काँग्रेसने 1941 मध्ये नवीन दिवस निर्माण केला नाही, लिंकनपासून प्रार्थनेसाठी जाहीर होत आलेल्या दिवसाची फक्त तारीख बांधली. नाव तेच ठेवलं. आभार कुणाचे, हे नावातून गाळलं म्हणून इतिहासातून गळत नाही.

नवीन_सभासद_07

सर्वांचे आभार (निधर्मी). एक शेवटचं: बॉस्टनजवळ राहणाऱ्यांना त्या गुरुवारी ऐनवेळी दूध-क्रीम मिळेल का?

टिळकपुतळा

मोठ्या सुपरमार्केटात नाही. मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंड आणि मेन या तीन राज्यांत जुन्या 'ब्लू लॉ'मुळे त्या दिवशी मोठी किराणा दुकानं उघडता येत नाहीत. हे कायदे मूळचे रविवारचा शब्बाथ (विश्रांतीचा पवित्र दिवस) पाळण्यासाठीचे, तेव्हा बोरूबहाद्दरांना आयता मुद्दा. क्रीम बुधवारीच आणून ठेवा. अगदीच अडलं तर पेट्रोलपंपावरचं छोटं दुकान.